एका म्यानात दोन तलवारी : डुअल बूटचा इतिहास

१/
१९९८ साली जपानमध्ये हिताची कंपनीने फ्लोरा प्रायस या मालिकेतील संगणक विक्रीस आणले. त्यांच्या हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या : विंडोज आणि बीओएस. मात्र संगणक सुरू केला की प्रत्येक वेळी विंडोजच उघडत असे. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम त्याच यंत्रात निजलेली आहे, याचा पडद्यावर कोठेही उल्लेख नसे. तिला जागे करायचे तर ग्राहकाला निराळी खटपट करावी लागे.

२/
अडचण तांत्रिक नव्हती, करारपत्राची होती. संगणक सुरू झाल्यावर पहिल्या क्षणी पडद्यावर काय दिसावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या एका प्रश्नाभोवती गेली चाळीस वर्षे कायदा, पैसा आणि असंख्य विद्यार्थ्यांच्या रात्री खर्ची पडल्या आहेत. आज विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवणाऱ्याला सुरुवातीला काळ्या पडद्यावर चार ओळींची एक यादी दिसते. हा त्या यादीचा इतिहास.

३/
'बूट' हा शब्द एका अशक्य कल्पनेवरून आला आहे : पायातल्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणे. संगणकाचा पेच नेमका तोच. डिस्कवरून प्रोग्राम वाचून आणण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते; पण ती स्वतःच डिस्कवर असते, मग तिला आणणार कोण? पीसीच्या रचनाकारांनी काढलेला तोडगा असा : मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमचा लिहिलेला बायॉस हा छोटा प्रोग्राम डिस्कचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे ५१२ बाइट, वाचतो आणि डोळे मिटून सारा कारभार त्याच्या हाती सोपवतो.

४/
या ५१२ बाइटांची वाटणी १९८३ साली ठरली. त्या वर्षी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला आयबीएमचा पीसी एक्सटी आणि त्यासोबत डॉस २.० आले. ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या पार्टिशनांच्या नोंदीसाठी आणि उरलेले २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी. ६४ बाइटांत नोंदी मावत चार, म्हणून पार्टिशनही चारच.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. १० मेगाबाइटच्या डिस्कचे भाग पाडण्याची डॉसला स्वतःला गरज नव्हती. एकाच डिस्कवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही नांदावी, यासाठी ती सोय होती. म्हणजे म्यान शिवतानाच दुसऱ्या तलवारीसाठी जागा ठेवली होती. पण कोणते पार्टिशन सुरू व्हायचे हे सांगणारी खूण मात्र एका वेळी एकावरच करता येई. पुढची सगळी भांडणे या खुणेवरून आणि त्या ४४६ बाइटांवरून झाली.

५/
१९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवली. अँड्र्यू टॅनेनबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम. त्याच वर्षी २५ ऑगस्टला टोरवाल्ड्स यांनी मिनिक्सच्या चर्चागटात, आपण स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. लिनक्सचे बालपण असे शेजारणीच्या ओट्यावर गेले. लिहायचे मिनिक्समध्ये, आणि पारखायचे संगणक पुन्हा सुरू करून लिनक्समध्ये.

६/
मग एके दिवशी टोरवाल्ड्स यांनी मोडेमला द्यायचा आदेश चुकून हार्ड डिस्कच्या पार्टिशनला दिला. युनिक्सच्या घराण्यात मोडेम काय नि डिस्क काय, सारे फाइलीसारखेच दिसते. नावात दोनचार अक्षरांचा फरक. मिनिक्सच्या पार्टिशनवर मोडेमचे आदेश लिहिले गेले आणि मिनिक्स गेली. आता दोन वाटा होत्या. एक तर मिनिक्स पुन्हा बसवायची, नाही तर लिनक्स इतकी पुरी करायची की मिनिक्सची गरजच पडू नये. त्यांनी दुसरी वाट धरली. ही हकीकत त्यांनीच आपल्या आत्मकथनात सांगितली आहे.

चुकीचे पार्टिशन पुसून बसलेल्यांची संख्या पुढे अगणित झाली. त्या यादीत अगदी वरच्या ओळींत खुद्द लिनक्सच्या जनकाचे नाव आहे, ही माहिती पुष्कळांना दिलासा देणारी ठरावी.

७/
इतरांना मात्र दोन्ही घरे हवी होती. १९९२ साली वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिलो हा बूट लोडर लिहिला. बूट लोडर म्हणजे देवडीवरचा पहारेकरी : संगणक सुरू होताच 'कोणाकडे जायचे?' असे विचारून आत सोडणारा. ४४६ बाइटांत सगळे मावणे अशक्य, म्हणून पहिला टप्पा तेवढ्यात बसवून दुसरा टप्पा डिस्कवर अन्यत्र ठेवलेला असे. प्रत्येक टप्पा पार पडला की पडद्यावर लिलोच्या इंग्रजी नावातील एकेक अक्षर उमटे. चारही उमटली की जीव भांड्यात पडे. दोनच अक्षरांवर पडदा थिजला, की बिघाड दुसऱ्या टप्प्यात आहे हे जाणकार ओळखत. निदानाची याहून काटकसरी पद्धत सापडणे कठीण.

८/
लिलोची मर्यादाही विलक्षण होती. त्याला फाइल हा प्रकारच कळत नसे. लिनक्सचे कर्नल डिस्कवर नेमके कोणत्या जागी आहे, तेवढा पत्ता तो टिपून ठेवी. कर्नल बदलले आणि लिलोचा आदेश पुन्हा चालवायला कोणी विसरला, तर पहारेकरी जुन्या पत्त्यावर जाई आणि संगणक सुरूच होत नसे. त्यातच तेव्हाच्या बायॉसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचे दिसत नसे. म्हणून लिनक्सचे कर्नल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ठेवण्यासाठी डोकेफोड करावी लागे.

९/
खरी धास्ती मात्र त्याआधीची. घरात संगणक एकच, त्यावर विंडोज, आणि तिने अख्खी डिस्क व्यापलेली. लिनक्सला जागा द्यायची तर चालत्या पार्टिशनचा तुकडा पाडायचा. त्यासाठी फिप्स नावाचे छोटे साधन होते. पण ते वापरण्याआधी डिस्कवर विखुरलेल्या फाइली डीफ्रॅगमेंट करून एका बाजूला सारून घ्याव्या लागत. ते न करता तुकडा पाडणे म्हणजे माणसे आत असताना भिंत तोडणे. वडिलांचे हिशेब, ताईचा प्रबंध, सगळे त्याच डिस्कवर. आज 'आधी बॅकअप घ्या' हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शिकेच्या डोक्यावर छापलेले असते, ते उगीच नव्हे.

१०/
दुसरा धडा लोकांनी ठेचा खात गिरवला : आधी विंडोज, मग लिनक्स. कारण साधे आहे. लिनक्सचे इन्स्टॉलर डिस्कवर आधीपासून कोण राहते ते पाहून त्याचे नाव यादीत घालत. विंडोजचे इन्स्टॉलर त्या ४४६ बाइटांत आपला मजकूर लिहून मोकळे होत. लिनक्स डिस्कवर सुखरूप असे. फक्त तिच्याकडे जाण्याचे दार बुजलेले असे.

मायक्रोसॉफ्टला निवडीची यादी दाखवता येत नव्हती, असे मात्र नाही. १९९३ च्या विंडोज एनटीत अशी यादी होती, आणि जुने डॉस तीत मानाने उभे असे. विसर पडे तो परक्यांचाच.

११/
लिलोच्या विसरभोळेपणावरचा उपाय १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेल्या ग्रबने दिला. हा बूट लोडर मुळात ग्नू प्रकल्पाच्या हर्ड या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी होता. तो फाइल सिस्टीम स्वतः वाचू शके. कर्नल कोठेही सरको, नाव ठाऊक असले की पुरे. नावात भौतिकशास्त्रातील महाएकीकरणाच्या सिद्धान्तावर केलेली कोटी आहे. हर्ड आजतागायत मागे रेंगाळली. तिच्यासाठी शिवलेला अंगरखा लिनक्सने घातला आणि तो तिला चांगला शोभला.

१२/
दार उघडले, पण आत काय? नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लिनक्समध्ये शिरणाऱ्यासमोर उघड्यावर वसलेल्या बाजारासारखे दृश्य असे. प्रत्येक प्रोग्रामची बटणे निराळी, मेनू निराळे, चिकटवण्याची तऱ्हा निराळी. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे विद्यार्थी माथियास एट्रिश यांनी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. सर्वसामान्य वापरणाऱ्याला एकसंध वाटेल असा डेस्कटॉप हवा, ही त्यांची मागणी होती.

१३/
केडीईचा पाया नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचे क्यूटी हे साधन होते. ते उत्तम होते, पण त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला उतरत नव्हता. मुक्त घराचा पाया दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कसा चालेल, हा आक्षेप. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम प्रकल्प सुरू केला. आज नवखा माणूस या दोन डेस्कटॉपांत रंगरूप पाहून निवड करतो. पण मूळ वाटणी रूपावरून झाली नव्हती, परवान्यावरून झाली होती.

सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आले आणि भांडणाचे कारणच संपले. भाऊबंदकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. चुली वेगळ्याच राहिल्या.

१४/
तिसरी फूट २०११ ची. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्नोम ३ आले, आणि त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी हा डेस्कटॉप मुख्य केला. खालची पट्टी गेली, ओळखीचा मेनू गेला. नाराजांनी नुसती निषेधपत्रे लिहिली नाहीत, कोड उचलला. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुने ग्नोम २ जिवंत ठेवण्यासाठी माते सुरू केले; हे नाव दक्षिण अमेरिकेतील एका पेयवनस्पतीचे आहे. लिनक्स मिंटच्या क्लेमाँ लफेव्र यांनी ग्नोम ३ चाच आधार घेऊन जुन्या मांडणीचे सिनॅमन उभे केले. एक्सएफसीई तर १९९६ पासूनच होते. ज्यांचे संगणक थकले होते त्यांची पावले तिकडे वळली. विंडोजमधून येणाऱ्याला सिनॅमन सहसा परके वाटत नाही, त्यामागे ही २०११ ची रुसवाफुगवी आहे.

१५/
मराठी वाचकासाठी या निवडीला आणखी एक पदर होता. जोडाक्षरे नीट जुळत नसतील तर डेस्कटॉप कितीही देखणा असून काय उपयोग? ग्नोम २ च्या काळात पँगो या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीने ते काम हाती घेतले. पण जुळवायला अक्षरे तर हवीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉण्ट रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केले. तेव्हाच्या लिनक्सवर कोणी मराठी वाचले असेल, तर बहुधा या पुणेरी वळणातच वाचले.

१६/
तरुणांच्या गप्पांत सर्वांत जास्त वाद डेस्कटॉपवरून होतात. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर हा क्रम उलटा आहे. डेस्कटॉपची निवड कधीही फिरवता येते. एकाच लिनक्सवर केडीई आणि सिनॅमन दोन्ही बसवून, लॉगिनच्या पडद्यावर रोज नवे निवडले तरी काही बिघडत नाही. पार्टिशन आणि बूट लोडर यांबाबतची चूक मात्र मागे घेता येईलच असे नाही. ज्या गोष्टीत जोखीम सर्वांत कमी, तिच्यावर शब्द सर्वांत जास्त खर्च होतात.

१७/
आता पुन्हा हिताचीकडे. बीओएस ही ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्यां-लुई गासे यांच्या बी कंपनीची निर्मिती. ध्वनी आणि चलच्चित्रासाठी ती त्या काळात अतिशय चपळ मानली जाई. विंडोज हटवण्याची भाषा गासे यांनी केली नाही. त्यांना शेजार हवा होता. १९९९ च्या आरंभी त्यांनी जाहीर केले, की जो उत्पादक संगणक सुरू होताना बीओएसचा पर्याय ग्राहकाला दाखवील, त्याला ती फुकट. फुकट देऊनही गिऱ्हाईक मिळेना. बी कंपनीच्या म्हणण्यानुसार कारण असे, की विंडोजच्या परवान्यातील अटींमुळे उत्पादकांना ती यादी दाखवताच येत नव्हती. या अटी गोपनीय असल्याने बाजारात त्यांची चर्चाही होत नसे.

१८/
नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी आपले निष्कर्ष मांडले. सुरुवातीच्या क्रमात बदल करण्यास उत्पादकांना मायक्रोसॉफ्टने केलेल्या मनाईची दखल त्यांत होती. २००२ च्या अंतिम निवाड्यात एक कलम स्पष्टच आले : विंडोज सुरू होण्याआधी बायॉसमधून किंवा मायक्रोसॉफ्टेतर बूट लोडरमधून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याची सोय उत्पादक देत असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याला अडवू नये. ४४६ बाइटांचा कारभार न्यायालयाच्या निवाड्यात नोंदवला गेला तो असा.

१९/
पण हे वरातीमागून घोडे होते. बी कंपनीने २००१ मध्येच आपली मालमत्ता पाम कंपनीला १.१ कोटी डॉलरना विकली होती. २००२ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने कोणताही दोष कबूल केला नाही. दाव्यात मिळालेली रक्कम कंपनीच्या विक्रीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक निघाली. चाहत्यांनी २००१ पासून नव्याने लिहायला घेतलेली तिची वारस हायकू या नावाने अजून हयात आहे.

२०/
दरम्यान सामान्य माणसाची वाट सोपी होत गेली. भारतात डायलअपच्या काळात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेणे कल्पनेबाहेरचे. संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडी हाच आधार. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने डिस्कला हात न लावता सीडीवरून लिनक्स चालवून दाखवली. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आली आणि पुढे २०११ पर्यंत मागेल त्याला तिची सीडी टपालाने विनामूल्य घरपोच येत असे. २००८ मधील वुबी या साधनाने तर विंडोजमधल्याच एका मोठ्या फाइलीत उबुंटू बसवण्याची सोय केली. पार्टिशनची धास्ती घेतलेल्यांना तो मोठाच आधार होता.

या नवशिक्यांना एक गमतीदार खोडी हमखास भेटे. विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स जागतिक वेळेवर. त्यामुळे लिनक्समधून परतले की विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले असे. भारतीय प्रमाणवेळेचा फरक इतक्या इमानाने दुसरे कोणी क्वचितच दाखवले असेल.

२१/
मग बायॉसच्या जागी यूईएफआय आले आणि त्यासोबत पार्टिशनांची नवी नोंदवही, जीपीटी. चार जागांची अट गेली; १२८ नोंदींची सोय झाली. ४४६ बाइटांचे भांडणही तत्त्वतः मिटले. आता डिस्कवर एक छोटे सामायिक पार्टिशन असते आणि त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचा आपापला फोल्डर. तेथे विंडोजने लिनक्सचे काही पुसण्याची गरजच उरली नाही. तीस वर्षांनी म्यान खऱ्या अर्थाने दोन तलवारींचे झाले.

२२/
नेमक्या त्याच वेळी दारावर मोहोर आली. २०१२ च्या विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट सर्वदूर पोहोचले. ज्या बूट लोडरवर मान्यताप्राप्त किल्लीची सही नाही, तो संगणक चालवणार नाही. हेतू खोटा नव्हता. ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी जागे होणारे विषाणू त्या काळात खरोखरच होते. पण जवळपास प्रत्येक संगणकात असलेली किल्ली मायक्रोसॉफ्टची होती. २००२ च्या निवाड्याची मुदत मे २०११ मध्ये संपली होती.

मॅथ्यू गॅरेट यांनी यावर शिम नावाची पाचर शोधली. हा अगदी छोटा प्रोग्राम. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची, आणि मग त्याने ग्रबची व कर्नलची ओळख आपल्या किल्लीने पटवून घ्यायची. उपाय चतुर होता आणि आजही चालतो. तरीही दोन भाऊबंदांच्या वाड्याच्या देवडीची किल्ली त्यांतल्याच एकाकडे असावी, हे या इतिहासातील सर्वांत अवघडलेले प्रकरण आहे.

२३/
आज डुअल बूट करणाऱ्याच्या पूर्वतयारीत जी कामे येतात, त्यांतले प्रत्येक या इतिहासाचा अवशेष आहे. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करायचे. कारण विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण झोप नव्हे, आणि अर्ध्या झोपेत असलेल्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिले तर फाइली बिघडतात. बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यायची. कारण सुरू होण्याची साखळी बदललेली दिसताच विंडोज ती मागते. पार्टिशन लहान करायचे ते विंडोजच्याच साधनाने. आणि आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम सक्तीचा उरला नसला तरी अजून सोयीचा आहे.

२४/
१३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजच्या मासिक अद्यतनाने जुन्या, असुरक्षित बूट लोडरांवर बंदी घातली. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या संगणकांवर ही बंदी लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. ती लागू झाली. अनेकांचे लिनक्स दुसऱ्या दिवशी उघडेना. पडद्यावर सुरक्षाधोरणाचा भंग झाल्याची आणि काहीतरी गंभीर बिघडल्याची एक ओळ, आणि संगणक बंद. डिस्कवरच्या फाइली शाबूत होत्या. पूर्ण दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

२५/
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. चांगल्या चालणाऱ्या, पण विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकांचे मालक तेव्हापासून लिनक्सकडे वळून पाहू लागले आहेत. त्यांच्या मदरबोर्डवर जी किल्ली आहे, ती २०११ ची. शिमवरील सही याच किल्लीने तपासली जाते. तिची मुदत जून २०२६ पर्यंतची आहे. मुदत संपली म्हणून जुने शिम आपोआप थांबत नाही. पण नव्या शिमवरच्या सह्या २०२३ च्या किल्लीने होणार, आणि ती किल्ली जुन्या यंत्रांत पोहोचवण्याचे काम उत्पादकांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या अद्यतनांवर सोडलेले आहे.